परिचयाच्या सहा ओळी

"मावशी, कॉलेजात असताना तू हेच काम करायचीस ना? मग दे ना लिहून," असं म्हणत सईनं लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. मी नुकती वाघोलीला पोचले होते आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. पाच दिवस खराडीला कंपनीत जायचं तर नगर रस्ता, आणि रविवारी ताईकडे यायचं तरी तोच नगर रस्ता. खाली सोसायटीत पाण्याचा टँकर मागे येताना पीं पीं करत होता. पडद्यावर लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटचा एक रिकामा चौकोन होता आणि त्याच्यावर लिहिलं होतं, 'स्वतःबद्दल सांगा'. सई ताईची मुलगी. वय सव्वीस, खराडीतच नोकरी, आणि बोलायला लागली की थांबत नाही.

"कॅची लिही हं. सगळ्या पोरी सेमच लिहितात. फन-लव्हिंग, फॅमिली-ओरिएंटेड वगैरे. कंटाळा येतो वाचून."

"मग तूच लिही की."

"मला येत असतं तर तुला कशाला विचारलं असतं? तू प्रोफेशनल आहेस."

ती म्हणते ते खरं आहे आणि त्याचाच मला राग आहे. समोरच्याला पटेल असं लिहायचं, यावर माझं घर चालतं. कंपनीचं सॉफ्टवेअर लोकांनी घ्यावं म्हणून मी मजकूर लिहिते आणि नवीन मुलांना लिहायला शिकवते. ती मुलं सगळ्या युक्त्यांची इंग्रजी नावं पाठ करून आलेली असतात. वाचणाऱ्याला आधी काहीतरी कमी आहे असं वाटायला लावा, मग ते भरून द्या. विशेषणं टाळा, एखादी बारीकशी खरी गोष्ट सांगा. मुद्दे तीनच ठेवा. आपली उणीव आपणच सांगून मोकळे व्हा, म्हणजे विश्वास बसतो. पडद्यावर हे एकेक उमटतं, मुलं माना डोलावतात, आणि मी मागच्या खुर्चीत बसून चिडचिड करत असते. कारण हे सगळं मी नारायण पेठेत, एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत शिकले. ज्यांनी शिकवलं त्यांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं.

आपटेबाईंचं वधूवर सूचक केंद्र. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. घराघरात केबल शिरत होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे फलक लागत होते, आणि मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना दुपारी दोन ते सहा तिथं बसायचे. जिना चढतानाच खालच्या ट्रेडल मशीनचा खटक-खट, खटक-खट असा आवाज पायाला लागायचा. वर पोचेपर्यंत शाईचा आणि छपाईचे खिळे धुवायच्या रॉकेलचा वास नाकात बसलेला असायचा. खोलीत कार्बन पेपरचा वेगळा वास, डिंकाचा वेगळा. चार वाजता बाई स्वतः ताक करायच्या, त्याला जिऱ्याचा वास. आजही कुठे रॉकेलचा वास आला की मला ताकाची तहान लागते, पण आता रॉकेलच कुठे मिळत नाही.

भिंतीला लाकडी खणांचं कपाट होतं. एकेका खणावर चिठ्ठी: बँक, सरकारी, शिक्षक, पिंपरीचे कारखाने. मी लागले तेव्हा बँकेचा खण उघडायला दोन्ही हात लागत, इतका गच्च. परदेशातल्या मुलांसाठी खण नव्हताच, चपलांचा एक रिकामा खोका होता. माझ्या डोळ्यांदेखत त्या खोक्याचे दोन खोके झाले, मग त्यांना खण मिळाला, आणि मग 'शिक्षक'वर कागद चिकटवून बाईंनी वर 'कॉम्प्युटर' लिहिलं. शिक्षकांना त्यांनी सरकारीच्या मागे सरकवलं. "चार जण उरलेत, बसतील अवघडून," म्हणाल्या.

प्रत्येक स्थळाचा एक कागद असे. वय, उंची, शिक्षण, गोत्र ही माहिती आईवडील भरायचे. खाली सहा ओळींची जागा परिचयासाठी सोडलेली होती. ती फक्त केंद्रानं लिहायची, हा बाईंचा नियम. लिहून झालं की मुलीला किंवा मुलाला बोलावून वाचायला द्यायचं आणि सही घ्यायची. आईवडिलांची सही बाईंना चालत नसे. "लग्न त्यांचं आहे का?" असं विचारून त्या पेन काढून घ्यायच्या.

पहिल्या आठवड्यात मी एका मुलीबद्दल 'सुंदर, सुस्वभावी, सुगरण' असं लिहिलं होतं. मला ते फार झकास वाटलं होतं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय, गणपतीची आरती आहे?"

"चांगलं वाटतं ना वाचायला?"

"वाटतं ना. वाचणारा वाचतो, त्याला चांगलं वाटतं आणि तो पुढच्या कागदावर जातो. काय करते ही मुलगी?"

"पुरणपोळी चांगली करते म्हणाली तिची आई."

"तिची आई म्हणणारच. तिला विचार, पुरण वाटताना कधी बिघडलं होतं का? काय करून सावरलं? ते लिही."

असं त्यांचं शिकवणं. गुण तीनच लिहायचे, चौथा लिहिला की पहिल्या तिघांवर संशय येतो. उणं असेल ते दुसऱ्याच ओळीत, लहान वाक्यात लिहायचं. शेवटी लिहिलं तर लोक तेवढंच घेऊन घरी जातात, आणि लपवलं तर घरी येऊन शोधतात. उणं एकदा खरं सांगितलं की पुढचं सगळं खरं वाटतं. 'अशी मुलगी शोधताय?' असे प्रश्न घालायचे नाहीत, ते साबणाच्या जाहिरातीला शोभतात. शेवटच्या ओळीत मात्र वाचणाऱ्याला ती मुलगी त्याच्याच घरात वावरताना दिसली पाहिजे. "एकदा दिसली ना," बाई म्हणायच्या, "की पत्रिका जुळवून घेतात लोक." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही.

केंद्राचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे चालत नसे. तुळशीचं लग्न लागलं की जिन्यावर रांग. उन्हाळ्यात पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर खालच्या छापखान्यातले शिशाचे तुकडे ठेवलेले. चातुर्मासात वर्दळ कमी. आणि पितृपक्षात चिटपाखरू नाही. पंधरा दिवस नवीन स्थळ कोणी आणायचं नाही, जुनं बघायचं नाही. ते पंधरा दिवस मला सगळ्यात आवडायचे. आम्ही खण उपसून जमिनीवर कागद पसरायचो. टाचण्या काढायच्या, गंजाचे डाग खोडरबरानं घासायचे, आणि दोन वर्षं होऊनही ज्यांचं जमलं नाही त्यांचे कागद बाजूला काढायचे. त्यांचे परिचय नव्यानं लिहायचे. याला बाई 'कागद ताजे करणं' म्हणत. माणूस तेच, वाक्यांचा क्रम बदलायचा. जे आधी चौथ्या ओळीत होतं ते पहिल्या ओळीत आणायचं. बाहेर ऊन-पाऊस चालायचा, शेजारच्या घरांतून खिरीचा आणि वड्यांचा वास यायचा, कावळ्यांचा गलका व्हायचा, आणि आम्ही दोघी तीसेक अडलेल्या लग्नांच्या मधोमध मांडी घालून बसलेल्या असायचो.

त्या ढिगात एका वर्षी माझ्या ताईचा कागद निघाला.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. आमच्या चाळवजा इमारतीत ताई घरी आहे की नाही हे कोणाला विचारावं लागत नसे. रेशनच्या रांगेत उभी राहिली की रांग तिची व्हायची. बसच्या कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडायची आणि उतरताना त्याच्या मुलाची परीक्षा कधी आहे ते विचारून यायची. संध्याकाळी लुना घेऊन मला न्यायला यायची, तेव्हा खालच्या छापखान्यातले लोक मशीन थांबवून तिचं ऐकायचे. ती कोणाचीही नक्कल करायची, बाईंची तर त्यांच्यासमोर. बाई तेवढ्यापुरत्या हसायच्या. मला त्या वेळी तिची लाज वाटायची, हे आता लिहिताना हात अडखळतो, पण वाटायची. तीन ठिकाणांहून नकार आले होते आणि तिन्ही निरोप सारखेच होते: मुलगी चांगली आहे, जरा जास्त बोलकी आहे. आई रात्रीचं जेवेनाशी झाली होती. बाबा ताईला म्हणायचे, "चहा देताना तरी गप्प बसत जा गं."

घरच्यांचा कागद आपण लिहायचा नाही, हाही बाईंचा नियम होता. त्या दिवशी त्यांना ताप होता, त्या आल्या नव्हत्या. मी ताईचा कागद पुढे ओढला आणि तासाभरात ताजा केला. तो मला अजून पाठ आहे.

'शिक्षण बी.कॉम. डाव्या मनगटावर इस्त्रीनं भाजल्याची जुनी खूण आहे. मितभाषी. समोरच्याचं पूर्ण ऐकून मगच उत्तर देते. हिशेबात चोख. ती घरात असली तरी तिचा आवाज येत नाही. कामं झालेली तेवढी दिसतात.'

सहा ओळी. गुण तीन. उणं दुसऱ्या ओळीत. शेवटच्या ओळीत घरात वावरणारी मुलगी. मी तो कागद हातात धरून खिडकीत उभी राहिले. इतकं चांगलं मी आधी कधी लिहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांनी कागद एकदा वाचला, मग पुन्हा वाचला.

"छान झालाय. फारच छान झालाय. ही कोण?"

"बाई, ताईचा आहे तो."

"नाव वाचलं मी. ही कोण, ते विचारतेय."

मी हसले. तेव्हा मला तो नेहमीचा टोमणा वाटला. बाईंनी कागद परत माझ्यापुढे सरकवला आणि एवढंच म्हणाल्या, "तिला वाचायला दे. तिनं सही केली तर पाठवू." ताईनं सही केली. केव्हा केली, कशी केली, मला आठवत नाही. त्या संध्याकाळी आम्ही लुनावरून घरी आलो आणि वाटेत भेळ खाल्ली एवढं आठवतं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तिची सही होती, तिला मान्य होतं.

नवरात्रात त्या कागदावरून बोलावणं आलं. मार्गशीर्षात लग्न झालं. मांडवात सगळे म्हणत होते, कागद बघूनच पसंत केली हो, बघण्याचा कार्यक्रम नावालाच. आईनं मला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. मला अभिमान वाटला, खूप वाटला.

पहिल्या महिन्यात मी ताईच्या सासरी गेले तेव्हा गॅसचा माणूस आला होता. ताईनं त्याला नेहमीप्रमाणे फैलावर घेतलं, सिलिंडर गळका आहे, परत न्या म्हणून. तिच्या सासूबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "कागदावर तर वेगळंच होतं हो!" ताईचं वाक्य अर्धंच राहिलं. मी दिवाणाच्या कडेला बसले होते. त्यानंतर मी त्या घरी जाईन तेव्हा ताईचा आवाज थोडा कमी झालेला असायचा. फोनवर आधी ती अर्धा तास बोलायची, मग दहा मिनिटं, मग 'हं' आणि 'बरं'. सईचा जन्म झाला, ते लोक सहकारनगर सोडून वाघोलीला आले, भावोजी निवृत्त झाले. या सगळ्या वर्षांत ताईनं कोणाची नक्कल केलेली मी पाहिली नाही. घरात शिरलं की कामं झालेली दिसतात. मी लिहिलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

सासूबाईंवर मी मनातून किती वर्षं दात खाल्ले! त्यांनी तो कागद पत्रिकेबरोबर कपाटात जपून ठेवला होता, हे कळलं तेव्हा तर मला वाटलं, जाऊन फाडून टाकावा. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मी दहाव्याला गेले, नमस्कार केला, आणि तेव्हाही माझं मन निवळलं नाही. आता रागवायला तेवढंही माणूस उरलं नाही. बाईही गेल्या. छापखाना गेला. मागे एकदा मुद्दाम नारायण पेठेत जाऊन आले, तर त्या जागी नवी इमारत, वर परदेशी शिक्षणाचे क्लास. जिना स्वच्छ, पायाला कसला आवाज लागत नाही. फलकावर लिहिलेलं, 'तुमचं स्वप्न, आमचा अनुभव, यशाची खात्री'. मुद्दे तीनच. मी तिथंच उभी राहून मोठ्यानं काहीतरी वेडंवाकडं बोलले असावे, कारण वॉचमन उठून आला आणि "काय हाय मॅडम?" असं विचारायला लागला.

"मावशी! लक्ष कुठंय?" सई लॅपटॉप हलवत होती. "इंट्रोव्हर्ट लिहू का? आजकाल चालतं ते. मॅच्युअर वाटतं."

"नको!"

इतक्या जोरात ओरडले की भावोजींनी पेपर खाली केला.

"अगं, चिल! जस्ट विचारलं. तसं पण मी नाहीये, पण सगळे थोडं ट्वीक करतातच ना."

"एक अक्षर खोटं लिहायचं नाही. बडबडी आहेस तर बडबडी लिही. पहिल्या ओळीत लिही."

"कोण करेल मग क्लिक?"

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. ताई ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. देठ एकीकडे, पानं एकीकडे, अगदी नीट. मला वाटलं, आज नाही तर कधीच नाही. तीस वर्षं होत आली, मी हिच्याशी या विषयावर चकार शब्द बोललेली नाही. टँकर गेला होता. बाहेर सई भावोजींना माझ्याबद्दल काहीतरी सांगून हसवत होती, बहुधा माझी नक्कल करत होती.

"ताई," मी म्हटलं, "तो कागद मी लिहायला नको होता."

ती थांबली नाही. जुडी उलटी केली.

"कुठला कागद?"

"तुला माहितेय कुठला. मला वाटलं होतं, एकदा लग्न झालं की कोण विचारतंय त्या सहा ओळींना. तुझ्या सासूबाई तो असा धरून बसतील असं मला माहीत असतं तर..."

"त्यांनी कुठं धरला?"

"म्हणजे? पहिल्याच महिन्यात माझ्यासमोर म्हणाल्या की. कागदावर वेगळंच होतं म्हणून. मी होते तिथं."

ताईनं आता हात थांबवले. माझ्याकडे बघितलं, आणि कित्येक वर्षांनी मला तिच्या चेहऱ्यावर ती जुनी, समोरच्याची टर उडवायच्या आधीची मुद्रा दिसली. पण ती लगेच गेली.

"अगं, त्या हसत म्हणाल्या होत्या. त्यांना आवडायचं मी बोललेलं. रात्री मला म्हणाल्या, बरं झालं बाई, तो कागद वाचून मला धास्तीच बसली होती, घरात आधीच हे दोघं बापलेक मुखदुर्बळ. शेवटपर्यंत माझ्या मागे लागायच्या, काहीतरी बोल गं, घर खायला उठतं. तो कागद ठेवला होता ना, तो मला चिडवायला. काढून वाचायच्या आणि म्हणायच्या, कागदातली ही नको गं, ती बोलकीच आण परत."

"मग?"

"मग काय?"

"मग तू का गप्प झालीस, ताई?"

तिनं मेथीची पानं दोन्ही हातांनी टोपलीत भरली. मग बोलली. समोरच्याचं पूर्ण ऐकून मगच उत्तर देण्याची सवय तिला आता खरोखरच लागली आहे.

"तो सहीसाठी माझ्या हातात आला ना, तेव्हा मी तिथंच उभ्यानं वाचला. इतकं सुंदर लिहिलं होतंस. मला वाटलं, हिला अशी बहीण हवी होती. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून हिच्या मनात ही मुलगी आहे. आई-बाबांच्या मनात पण हीच असणार. मग मी ठरवलं, होऊन बघू." ती नळाखाली टोपली धरत म्हणाली, "सासूबाईंना नाही पटला गं तुझा कागद. तुझ्या भावोजींनी तर वाचलाच नव्हता. तो पटला मला."

पाणी वाहत राहिलं. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. नेहमीसारखं ते आपोआप रचून आलं होतं, आधी चूक कबूल, मग एक लहानशी खरी आठवण, मग शेवटी तिला ती स्वतःच हसताना दिसेल असं वाक्य. तिला ते पटलं असतं. माझं तिला नेहमीच पटत आलं आहे. मी तोंड मिटलं आणि तिच्या हातातली टोपली धरायला पुढे झाले.